मुलगा विचारतो, 'देवाने मला गोरं का नाही केलं?' त्याला विश्वासातून काय सांगावं?

प्रभूच्या नावाने सलाम. तुम्ही लिहिलंय की वर्गातल्या एका अमेरिकन मुलाने तुमच्या सात वर्षांच्या लेकाला 'तुझे हात मळके दिसतात' म्हटलं, आणि रात्री प्रार्थनेच्या वेळी त्याने तुम्हाला हा प्रश्न विचारला. वाचून जीव तुटला.

'देवाला सगळी लेकरं सारखीच' हे लगेच सांगू नका. ते खरंच आहे, पण दुखावलेल्या मुलाला त्यातून 'आता पुरे' एवढंच ऐकू येतं. आधी त्याला सगळं बोलू द्या. मग स्पष्ट सांगा की तो मुलगा चुकला, तू नाहीस. शाळेत जाऊन बाईंनाही भेटा, नुसती प्रार्थना करून थांबू नका.

त्यानंतर त्याच्यासोबत बायबलमधल्या 'गणना' या पुस्तकाचा 12 वा अध्याय वाचा. मी संडे स्कूलमध्ये पंधरा वर्षं शिकवतेय, ही गोष्ट मुलं विसरत नाहीत. मोशे म्हणजे इस्राएली लोकांना मिसर देशातून (इजिप्तमधून) बाहेर काढणारा पुढारी. त्याची बायको कूशी. कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेला, नाईलकाठी असलेला काळ्या लोकांचा देश. तिच्यावरून मिर्याम आणि अहरोन, म्हणजे मोशेची सख्खी भावंडं, त्याच्याविरुद्ध बोलू लागली. देवाचा राग भडकला आणि मिर्यामचं अंग कोडाने बर्फासारखं पांढरं झालं. (इथे जपून. 'पांढरं होणं म्हणजे शिक्षा' असं मुलाच्या मनात बसू देऊ नका. तो आजार होता.) मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मोशे तिच्यासाठी देवाकडे रडून मागतो. ती सात दिवस छावणीबाहेर राहते आणि ती परत येईपर्यंत लोक तळ हलवत नाहीत. चूक झाकली नाही आणि चुकणारीला टाकूनही दिलं नाही. वर्गातल्या त्या मुलाबद्दल बोलायला इथून वाट मिळते.

रूबी ब्रिजेसबद्दलही सांगा. 1960 साली न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची ही काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा गेली, तेव्हा बाहेरचा जमाव तिला रोज शिव्या द्यायचा. गोऱ्या आईबापांनी आपली मुलं काढून घेतली आणि एकच शिक्षिका वर्षभर तिला एकटीला शिकवत राहिली. रूबी त्या जमावासाठी प्रार्थना करायची. पण तुमच्या लेकाकडून आज रात्रीच क्षमेची प्रार्थना म्हणवून घेऊ नका. त्याला वेळ द्या.

आता आपल्या घराबद्दल, कारण मुलं तिथूनच शिकतात. आम्ही नगरकडचे. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. तरीही नाताळच्या नाटिकेत मी कितीतरी वर्षं देवदूत म्हणून उजळ मुलीच निवडल्या. एकदा सावळी, खणखणीत आवाजाची एक मुलगी तालमीच्या आधीच म्हणाली, "मी मेंढपाळच होते, मिस." कुणीही न सांगता तिने आपली जागा ठरवून टाकली होती. मी तिची आणि तिच्या आईची माफी मागितली. ते सोपं नव्हतं.

तुमच्याकडेही असं काही असेलच. आजी व्हिडिओ कॉलवर "उन्हात खेळून किती काळा पडलास रे" म्हणाली, तर "आई, असं नका म्हणू" हे लेकाच्या देखतच म्हणा. त्याला ते ऐकू द्या.