चित्र स्क्रीनवर काढलंस, म्हणून काय?

प्रिय,

"हे ठीक आहे, पण खरं चित्र कधी काढणार?" हा प्रश्न तुला सारखा ऐकावा लागतो आणि तो बोचतो, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यावर एक उत्तर मात्र देऊ नकोस: "फोटोग्राफीलाही आधी कुणी कला मानत नव्हतं." गोष्ट खरी आहे. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात फोटोग्राफीचा स्वतंत्र विभाग १९४० साली निघाला, कॅमेरा येऊन शंभर वर्षं उलटल्यावर. पण त्यातून माध्यमाची बाजू मांडली जाते, तुझ्या चित्राची नाही. मला तुझ्या चित्राबद्दल बोलायचं आहे.

तू पाठवलेलं म्हातारीचं पोर्ट्रेट बराच वेळ बघत होतो. कपाळावरच्या सुरकुत्या तयार टेक्श्चर ब्रशनं उमटवल्या आहेस; सगळ्या एका जाडीच्या, एका अंतरावर. डाव्या डोळ्याखाली मात्र पेनचा दाब हळूहळू कमी करत एकच रेघ ओढली आहेस आणि तिथे ती बाई थकलेली दिसते. टॅबलेट तोच, अ‍ॅप तेच. कपाळावरचं ब्रशनं ठरवलं, डोळ्याखालचं तू ठरवलंस.

डिजिटलवर आक्षेप घ्यायचाच झाला, तर मी अनडूवर, म्हणजे काढलेलं मागे घेण्याच्या सोयीवर घेईन. जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ थर, कागदावर पसरला की तो परत घेता येत नाही, म्हणून हात उचलण्याआधी डोळ्याला काम करावं लागतं. स्क्रीनवर दोन बोटं टेकवली की रेघ गायब. मग आपण आधी ओढतो आणि मागाहून बघतो. तेव्हा महिनाभर एक कर: एकच लेयर (चित्राचा एकावर एक ठेवता येणारा थर), एकच ब्रश, अनडू नाही, रबर नाही. चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढायची आणि दोन्ही राहू द्यायच्या. झूमही करू नकोस. पापणीचा केस रंगवण्यात तास घालवताना चेहऱ्याचा तोल कधी गेला, हे कळतच नाही. महिन्यानंतर सगळी साधनं खुशाल परत घे. ती मला मनापासून आवडतात, आणि कॅनव्हास आडवा उलटवून चूक पकडण्याची सोय तर फारच.

डेव्हिड हॉकनी हा आयुष्यभर कॅनव्हासवर रंगवत आलेला इंग्लिश चित्रकार. २०११ चा वसंत त्यानं आयपॅडवर टिपला आणि २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत त्याचे मोठे प्रिंट तैलचित्रांबरोबर लागले. पण मला अधिक जवळची वाटते ती कॉम्प्युटरवर चित्रं काढणाऱ्या पहिल्या काही कलाकारांपैकी एक, व्हेरा मोल्नार. कॉम्प्युटर हाती येण्याच्या कितीतरी आधी ती नियम ठरवून, ते पाळत हातानंच आकृत्या काढायची. १९६८ मध्ये तिनं कॉम्प्युटर वापरायला घेतला. व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात तिचं काम २०२२ साली लागलं, तेव्हा ती ९८ वर्षांची होती. मधली सगळी वर्षं ती चौकोन जरासा हलवला तर काय होतं, हे बघत राहिली. लोकांनी मानावं म्हणून थांबली असती, तर दाखवायला काय उरलं असतं?

"याची मूळ प्रत कुठे आहे?" हा आक्षेप मात्र रास्त आहे, तो उडवून लावू नकोस. एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं) आणि लाकडी ठशांच्या चित्रकारांनी यावर केव्हाच तोड काढली आहे: प्रती किती ते आधी ठरवायचं, प्रत्येकीवर सही आणि क्रमांक घालायचा. वीस म्हटल्या तर एकविसावी काढायची नाही, कितीही मागणी आली तरी. फोटोवरून ट्रेस केलं असेल, एआयची मदत घेतली असेल, तर ते न विचारताच सांगायचं. इथे लपवाछपवी करणाऱ्यांमुळे प्रामाणिक मुलांवरही संशय घेतला जातो आणि त्याचा मला फार राग येतो.

फाइली जप. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९८५ मध्ये अमिगा नावाच्या कॉम्प्युटरवर केलेली चित्रं फ्लॉपींमध्ये अडकून पडली होती. फाइलचा जुना फॉरमॅट उलगडून ती बाहेर काढेपर्यंत २०१४ उजाडलं. प्रत्येक चित्राची लेयरसकट मूळ फाइल, शिवाय एक टिफ (चित्राचा दर्जा न घटवणारा फॉरमॅट) प्रत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेव. आणि त्या पोर्ट्रेटचं कपाळ पुन्हा रंगवशील तेव्हा मला जेपेग नको, मूळ फाइलच पाठव.