१ ते १० मार्क की पाच पर्याय?

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीत पाणी, सिक्युरिटी, पार्किंगवर रहिवाशांचा सर्व्हे घ्यायचाय आणि गूगल फॉर्म बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सेक्रेटरी म्हणतात १ ते १० मार्क द्यायला सांगा, मला पाच पर्याय बरे वाटतात. मधला पर्याय ठेवू का? लोक तोच टिक करून मोकळे होतात.
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर: पाचच ठेवा. १ ते १० मध्ये एकाचा ६ म्हणजे "बरं चाललंय" आणि शेजारच्याचा ६ म्हणजे "काठावर पास", मग दोघांची सरासरी काढून जनरल बॉडीत मांडली तर तिचा अर्थ काय लावायचा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली पाच पर्यायांची पद्धत मांडली, ती अजून टिकून आहे आणि ५ ते ७ च्या पुढे गेल्याने उत्तरं फारशी जास्त भरवशाची होत नाहीत.

पण खरी गोष्ट आकड्यांची नाहीच, शब्दांची आहे. प्रत्येक पर्यायाला शब्द द्या, नुसते टोकांना नको. आणि "पाणी व सिक्युरिटी समाधानकारक आहे, सहमत की असहमत" असलं वाक्य तर प्लीज नको, कारण त्यात दोन प्रश्न एकत्र कोंबलेत, आणि सहमत-असहमत विचारलं की बरेच जण हो ला हो करतात, त्यात चेअरमन रोज लिफ्टमध्ये भेटणारे असले तर विचारूच नका! त्यापेक्षा सरळ विचारा, "गेल्या महिन्यात पाणी वेळेवर आलं का?" आणि पर्याय द्या: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. टँकरवर दिवस काढणाऱ्या तुमच्या घोडबंदर रोडवर याचं उत्तर कुणालाही देता येईल.

समाधानी-असमाधानी विचारायचं असेल तर दोन्ही बाजूंना पर्याय सारखेच हवेत. उत्कृष्ट, खूप छान, छान, बरी, वाईट असे पर्याय दिले तर निकाल आधीच ठरवल्यासारखं होतं.

मधला पर्याय तिथे ठेवा, काहींचं मत खरंच मधलं असतं. पण ज्यांच्याकडे गाडीच नाही ते पार्किंगच्या प्रश्नावर काय करणार, दुसरं काही नाही म्हणून मधलंच टिक करणार. त्यांच्यासाठी "लागू नाही" वेगळं द्या, टक्केवारी काढताना ते बाजूला ठेवा, म्हणजे मधल्या खान्यात उरतील ती बऱ्यापैकी खरी मधली मतं.

सगळे प्रश्न एकाच ग्रिडमध्ये, म्हणजे एकाच तक्त्यात, टाकू नका, मोबाईलवर लोक एकाच रांगेत टिक करत खाली जातात. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी चार-पाच जणांना, त्यात एखाद्या आजींनाही, समोर बसवून भरायला द्या, कुठे अडखळतात ते तिथेच कळेल.