मामाचा सेट कापून द्यावा का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, उंची चार फूट दोन इंच. सुट्टीत पुण्याला मामाबरोबर गोल्फ खेळून आला, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही त्याला. मामाने आपला जुना क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, सेटच देऊन टाकलाय. सातपूरला एक वर्कशॉपवाले दांडे कापून देतो म्हणतात. कापावेत की नवीन सेट घ्यावा? नवीन घेतला तर जरा मोठाच घेऊ का, म्हणजे तीन-चार वर्षं बघायला नको? आणि तो डावखुरा आहे, लिहितो डाव्या हाताने.
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : कापू नका. वर्कशॉपवाले दांडा अगदी सरळ कापून देतील, त्याबद्दल शंका नाही. पण त्याने लांबी कमी होते, वजन फारसं होत नाही. मोठ्यांच्या सात नंबर आयर्नचं, म्हणजे लोखंडी डोक्याच्या मधल्या क्लबचं, नुसतं डोकं पाव किलोच्या वर भरतं. ते तसंच राहणार. शिवाय दांडा आखूड केला की तो आणखी ताठ होतो. मुलांच्या क्लबला हलका, लवचिक ग्रॅफाइटचा दांडा देतात तो उगीच नाही. लहान हाताच्या जोरानेसुद्धा तो थोडा वाकला पाहिजे, तरच बॉल हवेत उठतो.

घरी एक करून बघा. मामाचा सात नंबर मुलाच्या एका हातात द्या, ग्रिपच्या वरच्या टोकाला धरायला सांगा आणि हात समोर सरळ करून क्लब आडवा धरायला लावा. दहा आकडे मोजेपर्यंत टोक खाली झुकलं तर क्लब त्याच्यासाठी जड. माझ्याकडे येणारी मुलं जड क्लब घेऊन आली की लगेच कळतं. क्लब वर नेताना कंबर मागे जाते, कोपर वाकतं, आणि ग्रिप सोडून हात खाली दांड्यावर सरकतात. ती सवय मोडायला मग माझा जीव जातो.

वाढत्या अंगाचा युनिफॉर्म शिवतो तसा सेट घेऊ नका. एखाद-दुसरा इंच जास्त असला तर चालतो, त्याहून नाही. मोठ्या पुरुषांचा सात नंबर साधारण ३७ इंचांचा असतो. तुमच्या मुलाची सगळी उंची ५० इंच. म्हणजे तो क्लब त्याच्या छातीला लागेल. खोक्यावर ‘६ ते ८ वर्षे’ असं लिहिलेलं असतं, तिकडे बघू नका. उंचीचा तक्ता मागा. ग्रिपही बारीक हवी. मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत.

नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात. त्याला चार पुरे : एक हायब्रिड (लांबच्या फटक्याला), सात नंबर, एक वेज (जवळून बॉल उंच उचलायला), एक पटर (बॉल भोकात ढकलायला). ड्रायव्हरसाठी, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबसाठी, तो हट्ट करेल, करू द्या. वर्षभराने बघू. मुलांचे सेट वापरलेलेही मिळतात, कारण मुलं वाढतात आणि सेट तसेच राहतात. त्यात कमीपणा मानू नका.

डावखुरेपणाचं म्हणाल तर तो लिहितो कसा यापेक्षा क्रिकेटची बॅट कशी धरतो ते पाहा. सचिन लिहितो डाव्या हाताने, बॅटिंग उजवी. उलट अमेरिकन गोल्फपटू फिल मिकेल्सन एरवी उजवा, पण लहानपणी वडिलांसमोर उभं राहून त्यांचा स्विंग आरशासारखा उचलला, म्हणून गोल्फ डावा खेळतो. मुलाला काही न सांगता क्लब हातात द्या, दोन्हीकडून फिरवू द्या. जिकडून मोकळा फिरतो तीच त्याची बाजू. डावे ज्युनिअर क्लब दुकानात कमी असतात, आधी फोन करून जा.

सरावाला बिल्डिंगच्या गच्चीवर भोकाचे प्लॅस्टिकचे बॉल चालतील. आपल्या गोल्फ क्लब मैदानावर मात्र खरा बॉल नेऊ नका. नाव गोल्फ क्लबचं असलं तरी तिथे क्रिकेट चालतं, संध्याकाळी ट्रॅकवर आजी-आजोबा फिरत असतात, आणि तो बॉल कडक असतो, वजन जवळजवळ ४६ ग्रॅम.

मामाच्या बॅगेतला पटर तेवढा वर्कशॉपला न्या. त्याने जोरात फटका मारायचाच नसतो, त्यामुळे दांडा ताठ झाला तरी बिघडत नाही. कापायचा वरून, ग्रिपच्या बाजूने, आणि नवी बारीक ग्रिप चढवायची. किती कापायचा ते घरी ठरवू नका, मुलालाच सोबत घेऊन जा. वाकून उभा राहिल्यावर त्याचे डोळे बॉलच्या बरोबर वर आले पाहिजेत आणि हात सैल लोंबले पाहिजेत. तिथे खूण करायची.