भाताच्या तुसापासून कार्बन करताय? आधी केओएचचा हिशेब मांडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पीएचडीचं पहिलं वर्ष सरत आलंय, विषय ठरलाय भाताच्या तुसापासून सच्छिद्र कार्बन करून त्याचा सुपरकॅपॅसिटर (वीज झटपट साठवणारं आणि सोडणारं उपकरण) बनवण्याचा, गाईड मॅडमना त्यातून लवकर एक पेपर हवाय. तुमच्या मनात मात्र घोळतंय की हे खरोखर पर्यावरणाच्या भल्याचं आहे, की शीर्षकात 'शाश्वत' लिहिण्यापुरतंच. या विषयावरचे पेपर मी लिहिलेत आणि त्याहून जास्त तपासलेत, त्या आधारावर सांगते. तुमची शंका रास्त आहे, आणि तिच्यातूनच चांगला थिसिस उभा राहू शकतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट माहीत असू द्या. शेतातल्या टाकाऊ मालापासून सुपरकॅपॅसिटरचा कार्बन करणं यात नवीन काही नाही. कुरारे कंपनीचा वायपी-५०एफ हा कार्बन उद्योगात कितीतरी वर्षं वापरात आहे, आणि तो नारळाच्या करवंट्यांपासून, वाफेने ॲक्टिव्हेट करून, म्हणजे त्यात बारीक छिद्रं पाडून, बनतो. म्हणजे तुमची तुलना ग्राफाइटशी किंवा दगडी कोळशाशी नाही, या करवंटीच्या कार्बनशी आहे. पेपरच्या प्रस्तावनेत ही ओळ बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका.

आता हिशेब. कच्चा माल टाकाऊ असला म्हणून प्रक्रिया आपोआप स्वच्छ होत नाही. प्रचलित कृती घ्या: तूस नायट्रोजनमध्ये भाजून कोळसा करायचा, त्यात वजनाच्या तिप्पट-चौपट केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, एक तीव्र अल्कली) मिसळायचं, ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला तापवायचं, मग हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि भरपूर पाण्याने धुवायचं. समजा २५ ग्रॅम कोळसा आणि १०० ग्रॅम केओएच घेतलं. ते सगळं उदासीन करायला सुमारे ६५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागतं आणि त्यातून सुमारे १३३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड तयार होतं. हाती कार्बन आला १० ग्रॅम असं धरलं, तर प्रत्येक ग्रॅम कार्बनमागे १३ ग्रॅम क्षार धुवणाच्या पाण्यात गेला. शिवाय केओएच मुळात बनतं कसं? पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचं विजेने विघटन करून. म्हणजे कारखान्याने वीज खर्चून क्लोराइडचं केओएच केलं आणि आपण लॅबमध्ये त्याचं पुन्हा क्लोराइड करून सिंकमध्ये ओतलं. हा हिशेब मांडायला एक पान पुरतं. तो तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा असं मला मनापासून वाटतं.

याचा अर्थ विषय सोडा असा नाही. उलट इथेच काम आहे. तुसात वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के राख असते आणि ती जवळजवळ सगळी सिलिका. केओएच तिथे दोन कामं करतं: कार्बनमध्ये छिद्रं पाडतं आणि सिलिका विरघळवतं. वाफेने ॲक्टिव्हेशन केलंत तर केओएचचा सगळा खटाटोप टळतो, पण सिलिका जागच्या जागी राहते आणि इलेक्ट्रोडमध्ये निव्वळ ओझं होते. मग आधी सौम्य अल्कलीने सिलिका काढून घ्यायची, ती वेगळी वापरायची आणि उरलेल्या कार्बनवर वाफ सोडायची, असं केलं तर? किंवा केओएचचं प्रमाण चौपटीवरून एकपटीवर आणलं तर क्षमता नेमकी किती घटते? पहिल्या धुवणाच्या पाण्यातलं पोटॅशियम पुढच्या घाण्याला परत वापरता येतं का, आणि किती वेळा? या प्रश्नांची नीट मोजलेली उत्तरं आणखी एका नव्या सालीपासून केलेल्या कार्बनपेक्षा फार मोलाची आहेत.

धुण्याचा क्रमही सांभाळा. थेट आम्ल ओतलंत तर विरघळलेल्या सिलिकेटचं जेल होतं, गाळणी चोंदते आणि छिद्रांतही ते अडकतं. म्हणून आधी पाणी, मग आम्ल. पण पाणी घालण्याआधी पुढचं नीट वाचा. भट्टीतल्या ७००-८०० अंशांना कार्बनमुळे केओएचचं क्षपण होऊन धातुरूप पोटॅशियम सुटतं आणि त्याची वाफ ट्यूब फर्नेसच्या थंड टोकाला जाऊन बसते. नळी घाईने उघडली किंवा नमुन्यावर एकदम पाणी ओतलं तर पेट घेऊ शकतं. नायट्रोजन चालू ठेवून पूर्ण थंड होऊ द्या, मग ओलसर नायट्रोजन हळूहळू सोडा, पाणी फ्यूम हूडच्या काचेआड थोडं थोडं घाला, नळीच्या दोन्ही टोकांना आतून काय चिकटलंय ते बघा. एकटे असताना, रात्री, हे काम अजिबात करू नका. पेपरच्या मुदतीपायी विद्यार्थी नेमकं हेच करतात, म्हणून इतकं आवर्जून लिहितेय.

मोजमापाबद्दल. तीन इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये तुम्हाला दर ग्रॅमला २०० फॅरड (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेचं एकक) मिळाले, तर दोन सारखे इलेक्ट्रोड लावलेल्या खऱ्या सेलमध्ये, दोन्हींचं वजन धरून, तो आकडा चौथा हिस्सा होतो: ५० फॅरड. पाण्यातल्या इलेक्ट्रोलाइटमध्ये १ व्होल्टपर्यंत गेलात तर ऊर्जा होते दर किलोला सुमारे ७ वॅट-तास, आणि तीही फक्त कार्बनचं वजन धरून, इलेक्ट्रोलाइट आणि वेष्टन बाजूला ठेवून. सेंद्रिय इलेक्ट्रोलाइटमध्ये २.७ व्होल्ट मिळतात आणि ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणून उद्योग तिकडे वळला. दोन्हीत मोजा. इलेक्ट्रोडचा थर दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम ठेवला की आकडे सुंदर येतात. १० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाजारातल्या सेलइतका जाड थर लावला की खरी परीक्षा होते. २०११ साली गोगोत्सी आणि सिमॉन यांनी 'सायन्स'मध्ये हीच गोष्ट ठासून मांडली होती, तरी पातळ थरांचे पेपर अजून येतच आहेत.

कार्बनचा थर लावायला निकेल फोम (निकेलची सच्छिद्र जाळी) वापरत असाल तर त्यावर काहीही न लावता, कोरा फोम त्याच केओएच द्रावणात चालवून बघा. धन विभवाकडे गेलात की निकेल हायड्रॉक्साइडची शिखरं दिसतात, आणि ती तुमच्या कार्बनची नसतात. हा कोरा आलेख पुरवणी माहितीत द्या, रिव्ह्यूअरने मागायची वाट बघू नका. तसंच बीईटी क्षेत्रफळ, म्हणजे वायू शोषला जाण्यावरून काढलेलं छिद्रांसकट पृष्ठभागाचं क्षेत्रफळ. ग्राफीनच्या (एका अणूइतक्या जाडीच्या कार्बनच्या) एका थराच्या दोन्ही बाजू धरल्या तरी सैद्धांतिक क्षेत्रफळ दर ग्रॅमला सुमारे २६३० चौरस मीटर भरतं. तुमचा आकडा ३००० च्या वर गेला तर आनंद होण्याआधी दाबाची कुठली पट्टी निवडली ते तपासा. सूक्ष्म छिद्रं वायूने भरून जातात आणि बीईटीचं गणित ते पृष्ठभाग समजून मोजतं.

जीवनचक्र विश्लेषण, म्हणजे एलसीए, करावं का असंही तुम्ही विचारलंय. करा, पण पेपरला शेवटी लावायचं शेपूट म्हणून नको. आयएसओ १४०४० आणि १४०४४ वाचा आणि सगळ्यात आधी फंक्शनल युनिट, म्हणजे तुलना कशाच्या एककामागे करायची ते, ठरवा. '१ किलो कार्बन' हे एकक फसवं आहे, कारण तुमचा कार्बन निम्मी क्षमता देत असेल तर दुप्पट लागेल. साठवलेली ऊर्जा आणि सेलचं आयुष्य मिळून एकक धरा. लॅबमधल्या ट्यूब फर्नेसची वीज मात्र जशीच्या तशी किलोवर गुणू नका. चार ग्रॅमसाठी अख्खी भट्टी तापते, त्यातून येणारा आकडा कुठल्याच कारखान्याला लागू पडत नाही. रसायनांचा आणि पाण्याचा ताळेबंद मात्र लॅबच्या नोंदींवरूनही भरवशाचा निघतो, म्हणून प्रत्येक घाण्याला काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते वजन करून लिहा. धुवणाचं पाणीसुद्धा.

तुसाबद्दल एक छोटी सूचना: पूर्ण थिसिसला पुरेल इतका माल एकदाच आणा, वाळवा, एकत्र मिसळा आणि बंद डब्यांत ठेवा. वाण बदलला, जमीन बदलली की राख बदलते. दोन वर्षांनी तुलना करताना फरक प्रक्रियेचा की मालाचा, हे कळायला मार्ग उरत नाही. राखेतलं लोहही मोजून घ्या, ते सेलचं स्वयं-विसर्जन वाढवतं.

मॅडमशी बोलताना 'हा विषय शाश्वत नाही' अशी सुरुवात नको. क्षारांचा हिशेब आणि कोऱ्या फोमचा आलेख समोर ठेवा आणि केओएचच्या तीन प्रमाणांची, सोबत वाफेच्या एका नमुन्याची मालिका सुचवा. एवढ्यावरही पेपर होतो, आणि तो लवकर होतो. तुलनेसाठी वायपी-५०एफ मागवायला त्याच बैठकीत परवानगी घ्या. तो हाताशी नसेल तर बाकीचे आकडे कशाशी ताडून बघायचे, हा प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहील.