धाकटीचं नाव काय?

पत्र

माझा मोठा मुलगा ओंकार पंधरा वर्षांचा आहे, यंदा दहावी. शाळेतून क्वीन्स कॉमनवेल्थ निबंध स्पर्धेची माहिती आली. विजेत्यांना लंडनला नेतात हे कळल्यापासून ह्यांनी ध्यासच घेतलाय. ओंकारचा पासपोर्ट काढून झाला, निबंधासाठी महिना तीन हजारांची शिकवणीही लावली. पण ओंकार निम्म्यावरच अडून बसला. शेवटी धाकटीने (वय १२) टाइप करता करता पुढे थोडं घातलं आणि कसाबसा दीड हजार शब्दांचा इंग्रजी निबंध झाला. शाळेतल्या बाईंना शेवटचा भाग आवडला. आता तीन आठवडे उरलेत. ओंकार निबंधाकडे बघायला तयार नाही. उलट उत्तरं देतो, म्हणतो, 'तिलाच पाठवा.' ह्यांचा पारा चढतो. त्याला निबंधावरून एक हात फिरवायला कसं बसवू? परीक्षकांना कुठली शैली आवडते? आणखी वचनं घालावीत का? आणि निवड झालीच तर सोबत मी जावं की ह्यांनी? निबंध जोडला आहे.

एक आई, कारेलीबाग, बडोदे

उत्तर

ताई,

वर छापलंय ते तुमच्या पत्राचं निम्मंच आहे. पूर्ण पत्रात ओंकारचं नाव अकरा वेळा आलंय. मुलीचं एकदाही नाही. ती 'धाकटी' आहे, तिचं वय कंसात आहे, आणि तिने निबंधात 'थोडं घातलं' आहे.

थोडं म्हणजे किती, ते मी मोजलं. ओंकारचा भाग ६९० शब्दांवर संपतो. पुढचे ८१० शब्द तिचे. कुठे एकाचं संपलं आणि दुसरीचं सुरू झालं, हे तुम्ही कळवलं नसतंत तरी समजलं असतं. ओंकारचा भाग 'पाणी म्हणजे जीवन' इथून निघतो, 'आजच्या आधुनिक युगात' तीनदा येतं, थोरामोठ्यांची चार वचनं येतात आणि बडोदे एकदाही येत नाही. तोच मजकूर नागपूरच्या किंवा नैरोबीच्या मुलाने पाठवला असता तरी चाललं असतं. मग नवा परिच्छेद सुरू होतो आणि एकदम ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री नदीचं पाणी जिन्याच्या पाचव्या पायरीवर आलंय, आजी दर तासाला भिंतीवर खडूने रेघ मारतेय, आणि पाणी ओसरल्यावर गल्लीत मगर सापडते. पकडणाऱ्यांनी आधी तिच्या डोळ्यांवर ओलं पोतं टाकलं आणि नंतर जबडा दोरीने बांधला, हा क्रम तुमच्या मुलीने नेमका टिपलाय. डोळ्यांपुढे अंधार झाला की मगर शांत होते, म्हणून पोतं आधी. त्यानंतर ती लिहिते: आम्ही तीन दिवस घरात अडकलो होतो तेव्हा सगळ्यांना आमची दया आली, मगर आमच्या गल्लीत अडकली तेव्हा लोक हसत फोटो काढत होते.

बारा वर्षांची मुलगी हे लिहिते, आणि घरात खल चाललाय तो ओंकारला कसं बसवायचं याचा!

त्याला बसवू नका. आज रात्री तिला बसवा. हा मजकूर तिचा आहे. तो तिच्या नावाने, तिच्या वयोगटात पाठवा.

असा वयोगट आहे, ताई. तुम्ही नियमांचं पत्रक ओंकारच्या वयापुरतंच वाचलंत. ही स्पर्धा रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी १८८३ पासून घेते. तिच्यात दोन गट असतात. १४ ते १८ वर्षांचा ज्येष्ठ गट, त्याला १,५०० शब्दांची मर्यादा. १४ वर्षांखालच्यांचा कनिष्ठ गट, त्याला ७५० शब्दांची. लंडनला नेतात ते दोन्ही गटांतल्या विजेत्याला आणि उपविजेत्याला. म्हणजे ज्या सहलीसाठी तुम्ही मुलाच्या मागे लागलात, तिचं दार मुलीलाही तेवढंच उघडं होतं, आणि ते तिला कोणी दाखवलं नाही.

आहे तसा जोडनिबंध ओंकारच्या नावाने पाठवायचा विचार आजच सोडा. अशा स्पर्धेत पाठवलेलं लेखन स्वतःचं असावं लागतं. इथे मुलगा खोटं लिहून देणार, आणि मुलगी काय शिकणार? आपण रात्री जागून लिहायचं आणि खाली दादाचं नाव यायचं, हेच ना? तुमच्या मनात असं काही नव्हतं, हे मला मान्य आहे. पण तिने ते पुरतं ओळखलेलं असणार. सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा कायद्यात मुलींनाही घेतलं होतं. त्याच शहरातल्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीने २०२४ चा पूर लिहून काढावा आणि घराने तिला टायपिस्ट समजावं, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

आता कामाचं. तीन आठवडे भरपूर आहेत, खरं तर चार संध्याकाळी पुरतील.

पहिल्या संध्याकाळी कनिष्ठ गटाच्या विषयांची यादी उघडून तिच्यासमोर ठेवा. विषय दरवर्षी बदलतात आणि दोन्ही गटांचे वेगळे असतात. तिने लिहिलंय ते ज्येष्ठ गटाच्या विषयाच्या ओघात, त्यामुळे तसंच उचलून पाठवलं तर विषयाला सोडून होईल. बरीच चांगली लेखनं इथेच मागे पडतात. मगर कुठल्या विषयाखाली बसते ते तिला ठरवू द्या. विषयाशी सांधा जोडायला एखाददुसरं वाक्य लागेल, ते सुरुवातीला चिकटवण्यापेक्षा मध्ये, आजी रेघा मारते त्या जागी जास्त शोभेल. निबंधच हवा अशीही सक्ती नसते. पत्र, गोष्ट, कविता, नाट्यप्रवेश, काहीही चालतं. तिला हे पत्ररूपात लिहावंसं वाटलं तर अडवू नका.

दुसऱ्या संध्याकाळी कापणी. ८१० चे ७५० करायचेत, आणि त्यासाठी मगरीला हात लावायची गरज नाही. शेवटचा परिच्छेद मोजून पाहा, ६८ शब्दांचा आहे: 'म्हणून आपण सर्वांनी निसर्गाचे रक्षण केले पाहिजे' वगैरे. तो शाळेच्या सवयीने आलाय. तो पूर्ण काढला की ७४२ उरतात आणि निबंध फोटो काढणाऱ्या लोकांच्या वाक्यावर थांबतो. सांध्याच्या वाक्याला त्यात आठच शब्द मिळतात, म्हणून पुराच्या वर्णनातली दोन-तीन विशेषणंही जाऊ देत. 'भयंकर' चार ठिकाणी आहे, एकदाही लागत नाही. पाचवी पायरी म्हटल्यावर भयंकर वेगळं सांगावं लागत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी चुका. त्या तुम्ही दुरुस्त करायच्या नाहीत, फक्त पेन्सिलीने खूण करायची, शोधायचं तिने. एका ठिकाणी तिने 'अ‍ॅलिगेटर' लिहिलंय. भारतातल्या नद्यांत अ‍ॅलिगेटर नसतो, विश्वामित्रीतली मगर ही क्रोकोडाइल आहे. इंग्रजीत हिला 'मगर'च (mugger) म्हणतात, पण नुसतं 'मगर' लिहिलं तर तिथल्या वाचकाला रस्त्यात लुटणारा माणूस डोळ्यासमोर येईल, कारण त्या स्पेलिंगचा तोही अर्थ आहे. म्हणून पहिल्यांदा 'मगर क्रोकोडाइल' असं पूर्ण लिहू द्या, पुढे हवं ते. विश्वामित्री पावागडाकडून येते हे तिने बरोबर लिहिलंय, पण ती थेट समुद्राला मिळते हे चुकलंय. ती आधी ढाढर नदीला मिळते, आणि ते पाणी पुढे खंभातच्या आखातात जातं. नकाशा काढून द्या, ती पाच मिनिटांत दुरुस्त करेल. आजीला आजीच राहू द्या, तिची 'ग्रँडमदर' करू नका. मागच्यापुढच्या वाक्यांवरून कोण ते कळतं.

चौथ्या संध्याकाळी तिने सगळं मोठ्याने वाचायचं, आणि समोर आजींनी बसायचं. त्यांना इंग्रजी येत नसेल तरी बसू द्या. जिथे तिचा श्वास अपुरा पडतो, तिथे वाक्य लांब झालंय. तिथे दोन वाक्यं करायची. बस.

शिकवणीच्या सरांना यात आणू नका. ते चांगलेच असतील, पण ओंकारच्या भागातली चार वचनं त्यांचीच असावीत असा मला दाट संशय आहे. तुम्ही विचारलंत, आणखी वचनं घालावीत का. जी आहेत तीही नकोत. अशा स्पर्धेचे परीक्षक हजारो निबंधांचा ढीग उपसत असतात. गांधीजींचं वाक्य त्यांच्या नजरेखालून त्याच आठवड्यात कितीतरी वेळा गेलेलं असणार, पण खडूची रेघ मारणारी आजी एकदाच येणार. कुठली शैली आवडते याचं माझ्याकडे दुसरं उत्तर नाही. व्याकरण सुधारून देणारं अ‍ॅप किंवा वाक्यं लिहून देणारं काहीही वापरू नका. तिची वाक्यं जराशी ओबडधोबड आहेत. ती घासूनपुसून गुळगुळीत केली की त्यातली बारा वर्षांची मुलगी निघून जाते, आणि मागे उरतं ते पुन्हा ओंकारच्या निबंधासारखं.

निबंध शाळेमार्फतही पाठवता येतो आणि थेटही. बाईंना विचारा, त्यांना आवडलेला भाग कोणाचा होता हेही त्यांना सांगा. हे सांगायला तुम्हाला जड जाईल, तरी सांगा. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. कोणी नोंदणीचे म्हणून मागितले तर तो मनुष्य स्पर्धेचा नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी काम संपवा.

ओंकार उलट उत्तर देत नव्हता, ताई. 'तिलाच पाठवा' हे त्याने तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितलं. ज्याने बहिणीचं लेखन वाचलं आणि ते आपल्यापेक्षा चांगलं आहे हे ओळखलं, त्या मुलाची मला काळजी वाटत नाही. त्याला दहावी करू द्या. पुढच्या वर्षी त्याला स्वतःहून काही सुचलं तर ज्येष्ठ गट त्याच्यासाठी आहेच. तुमच्या यजमानांना फार समजावत बसू नका. निबंधाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्या हाती द्या, कोणी लिहिलाय ते आधी सांगा, आणि ते वाचत असताना तिथून उठू नका.

सोबत कोणी जायचं हा प्रश्न आत्ता नको. निकालाला महिने जातात, बक्षिसं मोजकी असतात आणि जगभरातून मुलं भाग घेतात. सुवर्ण, रौप्य, कांस्य प्रमाणपत्रं मात्र बऱ्याच जणांना मिळतात, आणि त्यातलं एखादं तिला मिळालं तर ते दिवाणखान्यात लावा. पासपोर्टचं तेवढं बघा, कारण तो घरात एकाच मुलाचा काढलाय. सज्ञान नसलेल्या मुलीच्या अर्जाला जन्मतारखेचा पुरावा आणि आईवडील दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट 'डी' लागतं, साधं शुल्क १,००० रुपये. ओंकारच्या वेळी हे सगळं केलंयतच, रस्ता माहीत आहे.

आज जेवणं झाली की संगणक तिच्यासमोर ठेवा आणि आधी तिला विचारा, तुझं लेखन तुझ्या नावाने पाठवायचं का. ती एकदम हो म्हणणार नाही, दादाकडे बघेल. थांबा जरा. मग अर्ज उघडा, नावाचा रकाना आला की कळफलक तिच्याकडे सरकवा आणि तिलाच टाइप करू द्या.

आणि मला उलट टपाली दोन ओळी लिहा. तिचं नाव कळवा.