गौरीहरापाशी बस

प्रिय लेकी,

काल डबा खाताना तू विचारलंस, "ताई, मैत्रिणीचं लग्न भंडारदऱ्याला आहे, मुहूर्त रविवारी 11 वाजून 40 मिनिटांचा. पहाटे पुण्याहून निघाले तर पोचेन ना?" पोचशील गं. संगमनेर, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या शेंडी गावात वेळेत जाशील. पण अक्षता टाकायच्या, जेवायचं, आहेर द्यायचा आणि निघायचं, यासाठी तिथे पुष्कळ माणसं येणार आहेत. तू तिची शाळेपासूनची मैत्रीण. तू शुक्रवारी जा.

तळ्याकाठचं ते लॉज म्हणजे कार्यालय नव्हे. कार्यालयात पाट-चौरंगापासून आचाऱ्यापर्यंत सगळं हाताशी असतं. इथे एक सुपारी राहिली तरी कुणाला तरी राजूर नाहीतर घोटी गाठावी लागेल. म्हणून सुपाऱ्या, काडेपेट्या, सेफ्टी पिना, सुईदोरा, आजीच्या गोळ्या अशी एक पिशवी आधीच भर आणि लग्न लागेपर्यंत खांद्यावरून उतरवू नकोस. डिसेंबरात पाण्यावरून गारठा येतो. दोन शाली घे, एक तुझ्यासाठी आणि एक जी विसरेल तिच्यासाठी. उंच टाचा नकोत, तिथे दगडधोंड्यांतून चालायचंय.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. ते पाणी प्रवरेवरच्या विल्सन धरणाचं आहे, 1926 साली पूर्ण झालेल्या. ते तळं म्हणजे बुडालेलं खोरं आहे. काठाशी गुडघाभर वाटतं आणि पुढच्या पावलाला तळ लागत नाही. हळदीच्या रात्री, त्यातून प्यायलेली असली तर, मुलं हमखास पाण्यात उतरायचं काढतात. त्यांना अडव. चिडली तर चिडू देत. नावेत बसायचंच झालं तर उजेडी, आणि लाइफ जॅकेट घालूनच.

आता खरं सांगायचं ते. रविवारी सकाळी सगळे नाश्ता, फेटे आणि फोटो यांत असतील. मागे कळसूबाईच्या रांगा असल्यावर फोटो कोण सोडणार? त्या वेळी तुझी मैत्रीण मामाने आणलेली पिवळी साडी नेसून एका खोलीत गौरीहरापाशी बसलेली असेल, अन्नपूर्णेवर चिमटीने अक्षता वाहत. लग्नघरात त्या तासाभरात नवरीइतकं एकटं कुणीच नसतं.

माझ्या लग्नात मी अशीच बसले होते. बाहेर सनई, भांड्यांचे आवाज, कुणाचं तरी हसू. रात्री धड झोप नाही, सकाळपासून पोटात काही नाही, आणि खिडकीतल्या वाऱ्याने समई सारखी विझू पाहत होती. माझ्या सगळ्या मैत्रिणी वऱ्हाड बघायला गेल्या होत्या. एकच आत आली. काही न बोलता खिडकीच्या बाजूला, समईला पाठीचा आडोसा करून बसली. मग रुमालातून पेढा काढला, त्याचे बारीक तुकडे केले आणि ओठांचा रंग पुसू नये म्हणून एकेक तुकडा हळूच माझ्या तोंडात टाकला. मामा न्यायला येईपर्यंत ती हलली नाही. माझ्या लग्नाचा अल्बम मी क्वचितच उघडते, पण तो पेढा मला अजून आठवतो.

तेव्हा तू तिथे बस. भटजींना आणि तिच्या आईला आदल्या रात्रीच विचारून ठेव; तिने मुहूर्तापर्यंत काही खायचं नसेल तर पेढा राहू दे, नुसती बस. बोलली तर ऐक. रडली तर "मेकअप बिघडेल" एवढं मात्र म्हणू नकोस.

आहेराचं तू विचारलं होतंस. पाकीट दे, पुरे.

आणि पाठवणी झाल्यावर लगेच गाडीत बसू नकोस. तिची आई एकटीच रुखवताची ताटं आवरत असेल. तिच्याबरोबर आवर, रात्री दोन घास जेवायला लाव, सकाळी निघ.

शुक्रवार आणि सोमवारच्या रजेचा अर्ज आजच टेबलावर ठेव. मी सही करते.

तुझी,
ताई