प्लॅस्टर काढलं तर पायाची काठी झालेली!

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही म्हार्दोळजवळ राहतो. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या. जूनच्या पावसात परसातल्या चिऱ्यांच्या पायऱ्या निसरड्या झालेल्या, तिथे त्या घसरल्या आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे मांडीपर्यंत प्लॅस्टर होतं, आता काढलंय, डॉक्टर म्हणाले हाड जुळलं, पाय टेकायला लागा. पण तो पाय दुसऱ्याच्या निम्मा दिसतो, मांडी मऊ पडलीय आणि उभं राहायलाच घाबरतात. आम्ही त्यांना सगळं जागेवर देतो, पाण्याचा तांब्यासुद्धा. नातेवाईक म्हणतात ह्या वयात गेलेलं मांस परत येत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सात-आठ आठवडे आहेत, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधताना त्यांना तिथे उभं राहायचंय. जमेल का?

उत्तर: गेलेलं मांस परत येतं, हे सगळ्यात आधी सांगते, कारण हे वाक्य सासूबाईंच्या कानावर पडत असेल तर त्या प्रयत्नच करणार नाहीत. वय झालं म्हणून स्नायू ऐकायचे बंद होत नाहीत, थोडे हळू ऐकतात एवढंच.

आधी पाय असा का झाला ते बघा. स्नायू म्हणजे लांब लांब तंतूंच्या जुड्या, आणि त्या तंतूंमधलं प्रोटीन शरीर रोज थोडं मोडतं आणि रोज नवीन घडवतं. पायावर भार पडत राहिला की हे दोन्ही बरोबरीने चालतं. प्लॅस्टरमध्ये भार बंद झाला की घडवणं मंदावतं, मोडणं चालूच राहतं आणि तंतू बारीक होत जातात. मरत नाहीत हं, बारीक होतात, हा फरक फार महत्त्वाचा आहे. मांडीचा पुढचा भाग आणि पोटरी सगळ्यात आधी उतरते कारण दिवसभर आपल्याला उभं धरून ठेवायचं काम ह्यांचंच. शिवाय मेंदूकडून येणारा हुकूमही कमकुवत होतो, सहा आठवडे ज्या स्नायूला बोलावलंच नाही त्याला एकदम पूर्ण जोराने बोलावता येत नाही, म्हणून पाय जेवढा बारीक दिसतो त्यापेक्षा ताकद जास्त गेलेली असते. ह्यातली चांगली गोष्ट म्हणजे परत येतानाही ताकदच आधी येते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत टेपने मांडी मोजलीत तर फारसा फरक दिसणार नाही, पण खुर्चीतून उठणं सोपं झालेलं असेल. तेव्हा टेप बाजूला ठेवा आणि उठणं बघा.

आता त्या तांब्याबद्दल. तुम्ही मायेने करताय हे मला कळतं, मी फिजिओ म्हणून फोंड्याच्या आसपास घरोघरी जाते तिथे हेच दिसतं, पडलेल्या माणसाला हलूच द्यायचं नाही. पण अंथरुणात नुसतं राहिल्याने दुसरा, चांगला पायसुद्धा उतरतो. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वयाची धडधाकट माणसं फक्त १० दिवस अंथरुणात ठेवली होती, कोणाला काही आजार नव्हता, तर दोन्ही पायांतलं मिळून जवळजवळ १ किलो मांस गेलं. दहा दिवसांत! म्हणून तांब्या उद्यापासून स्वयंपाकघरात ठेवा आणि वॉकर धरून, तुम्ही बाजूला उभ्या राहून, त्यांना तिथपर्यंत जाऊ द्या. सोप्यावर बसायला जाणं, देवाकडे दिवा लावायला जाणं, हे सगळं औषधासारखं धरा.

आणि नातेवाइकांना बोस्टनची गोष्ट सांगा. १९९० मध्ये तिथल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, पायाने वजन उचलायला लावलं, लुटुपुटूचं नाही, खरोखर जड वाटेल असं. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू साधारण ९ टक्क्यांनी भरला आणि दोघांनी चालताना काठी सोडली. नव्वदीत! तुमच्या सासूबाई ७२ च्या आहेत. पण त्याच लोकांनी नंतर चार आठवडे व्यायाम बंद ठेवला तर त्यांची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने उतरली, त्यामुळे चवथ झाली की बंद असं करू नका.

करायचं काय तर मूळ व्यायाम एकच, खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवायची, हाताची खुर्ची घ्या म्हणजे सुरुवातीला हातांचा आधार मिळेल. सीट खाली वाटत असेल तर वर जाड उशी. उठायचं, दोन श्वास उभं राहायचं आणि बसताना हळूहळू, धप्पकन नाही, कारण हळू बसण्यातच मांडीला खरं काम पडतं. पाच-सहा वेळा, मग दोन मिनिटं दम, असे दोन-तीन राउंड, आठवड्यातून तीन दिवस. शेवटचं उठणं कठीण वाटलं पाहिजे. सोपं झालं की उशी काढा, मग हातांचा आधार कमी करा. दुसरा व्यायाम खिडकीचे गज धरून टाचा वर उचलणं, तो पोटरीसाठी. सुरुवातीला दोन्ही पायांवर समान भार पडतोय का ते बघा, माणूस नकळत सगळं वजन चांगल्या पायावर टाकतो आणि मग दुखरा पाय तसाच राहतो. पायावर किती वजन टाकायचं हे मात्र हाड बघणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि पहिले काही दिवस फिजिओ समोर असलेला बरा.

खाण्याचंही बघा. आजारी माणसाला आपल्याकडे पेज आणि लोणचं, पचायला हलकं म्हणून, पण पेजेत प्रोटीन अगदीच थोडं. उतारवयात दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यातून साधारण १९-२० ग्रॅम मिळतं, अंड्यातून ६. शिवराक (शाकाहारी) दिवशी अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), मूग, चणे, दही, पनीर. पेज द्या हो, पण बरोबर मुगाची गाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) द्या. तिन्ही जेवणांत वाटून द्या, वय झालेल्या स्नायूला एका वेळी जरा भरघोस मिळालं तरच तो नवीन घडवायला घेतो. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

एक गोष्ट विसरू नका. पोटरी एकदम सुजली, लाल झाली, गरम लागली, दाबल्यावर दुखली किंवा दम लागायला लागला तर व्यायाम बंद आणि लगेच हॉस्पिटल. प्लॅस्टरनंतर शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, त्यात वाट बघायची नसते.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, म्हापशाला असतो. कामामुळे दोन महिने जिम सुटली. सगळे म्हणतात जिम सोडली की मसलची चरबी होते, खरं आहे का?

उत्तर: नाही. स्नायूची पेशी आणि चरबीची पेशी वेगळी, एकीची दुसरी होत नाही. होतं असं की व्यायाम थांबतो, स्नायू थोडे बारीक होतात, जेवण मात्र पहिल्याएवढंच राहतं आणि वरून चरबी चढते, त्यामुळे बघणाऱ्याला तसं वाटतं. एकदा कमावलेला स्नायू परत कमावायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. व्यायामाने तंतूंमध्ये नवीन केंद्रकं (पेशीचं काम चालवणारे गाभे) येतात आणि स्नायू बारीक झाला तरी ती टिकून राहतात असं ओस्लोच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांमध्ये दाखवलं होतं, माणसांत हे किती लागू पडतं ह्यावर अजून वाद आहे. तू पहिल्या आठवड्यात जुन्या वजनाच्या निम्म्यावर सुरू कर, कारण ताकद असल्याचा भास होतो आणि पहिल्याच दिवशी जोर केला की आठवडाभर जिने उतरता येत नाहीत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक, वय ६६, साखळी. रोज सकाळी पाच किलोमीटर चालतो, शुगर-बीपी ठीक. तरी देवळात भजनाला खाली बसलो की उठताना कोणाचा तरी हात लागतो. एवढं चालूनही असं का?

उत्तर: सर, तुमचं चालणं चालूच ठेवा, हृदयाला आणि शुगरला ते उत्तम आहे. पण स्नायूत दोन तऱ्हेचे तंतू असतात, हळू आणि न दमणारे, आणि वेगवान पण लवकर दमणारे. सपाट रस्त्यावरच्या चालण्यात पहिल्यांवरच भागतं, दुसऱ्यांना शरीर जोर लागेल तेव्हाच बोलावतं, म्हणजे जमिनीवरून उठताना, जिना चढताना, पाय घसरला तर झटकन सावरताना. आणि वयाबरोबर जास्त उतरतात ते नेमके हेच. कण्यातल्या काही नसपेशी वयोमानाने मरतात, त्यांच्या ताब्यातले तंतू पोरके होतात, शेजारची नस त्यातले काही सांभाळते पण त्यांना आपल्यासारखं हळू करून टाकते, आणि ज्यांना कोणीच घेत नाही ते जातात. सत्तरीत मांस वर्षाला साधारण १ टक्का उतरतं आणि ताकद त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने. ह्याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव १९८० च्या दशकाच्या शेवटी मिळालं, त्याआधी म्हातारपण म्हणून सोडून द्यायचे.

घरी एक चाचणी करा. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठा-बसा, घड्याळ लावून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर ती धोक्याची खूण, आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेला हा आकडा आहे. मग चालण्यातले तीन दिवस थोडे कमी करा आणि त्या वेळात वर सांगितलेलं उठणं-बसणं करा. तुम्ही धडधाकट आहात म्हणून पुढे हातात दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या घेऊन करा, आणि वर उठताना जरा झपकन उठा, बसताना हळू. दोनेक आठवड्यांनी खुर्चीऐवजी ठेंगणं स्टूल घ्या, मग पाट. पाटावरून जमायला लागलं की जमिनीवर चटई घालून शेजारी पलंग असेल तिथे एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून उठायची सवय करा. गुडघ्यात कळ आली तर एक पायरी मागे या, मांडी भरून आली तर ते बरोबर चाललंय. वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा, नाहीतर बीपी उगाच वर जातं. दोन महिन्यांनी परत घड्याळ लावा आणि किती सेकंद लागले ते मला कळवा.